खाऱ्या पाण्यातले मासे : घास मोजून, पाणी राखून

घरात माशांची काचपेटी असावी, ही हौस आता केवळ बंगलेवाल्यांची राहिलेली नाही. चाळीतल्या खोलीत, पुनर्वसन इमारतीतल्या लहानशा घरात, वस्तीतल्या सलूनमध्ये आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातही ती दिसते. बहुतेक ठिकाणी तिच्यात गप्पी, मॉली, गोल्डफिश असे गोड्या पाण्यातले मासे असतात. पण मुले पडद्यावर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश पाहतात आणि समुद्रातलेच मासे हवेत म्हणून हट्ट धरतात. कधी बोनस हाती आलेला असतो, कधी दुकानदार गोड बोलणारा असतो. पेटी घरी येते आणि महिन्याभरात एकेक मासा पोट वर करून तरंगू लागतो.

मुंबईकरांना समुद्री मासे पाहण्याची सवय जुनी आहे. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षे बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना चौपाटीबरोबर तेही दाखवण्याची रीत होती. तिकीट काढून पाहणे आणि घरी सांभाळणे यांत मात्र मोठे अंतर आहे. मत्स्यालयात पगारी माणसे पाणी राखतात. घरात ते काम आपल्यालाच करावे लागते.

हा लेख आम्ही दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहीत आहोत. एक, ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी आहे किंवा आणण्याचा विचार चालला आहे. दुसरे, आपल्या वस्तीतली ती तरुण मुले, जी साहेबांच्या घरच्या आणि कार्यालयांतल्या पेट्या साफ करून पोट भरतात. या दोघांनाही दुकानदार पुरते सांगत नाही. हौसेने आणलेले मासे उपाशी राहून क्वचितच मरतात. बहुतेक मरतात ते जास्त खाणे घातल्याने आणि चुकीच्या सफाईने. म्हणून खाणे आणि सफाई या दोन गोष्टी आम्ही एकत्रच घेतल्या आहेत.

खारे पाणी कडक का?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा कमी विरघळतो. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी तापले की तो आणखी घटतो. वैशाखात पत्र्याच्या घरात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, ते भुकेने नव्हे. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. त्या वेळी खाणे टाकणे म्हणजे संकटात भर घालणे होय.

दुसरी गोष्ट अमोनियाची. माशाची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मळ आणि तळाशी कुजणारे उरलेले खाणे यांपासून अमोनिया तयार होतो. तो दोन रूपांत असतो. एक रूप सौम्य, दुसरे जहाल. पाण्याचा पीएच ७ असेल तर जहाल रूपाचे प्रमाण अगदी थोडे असते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो. तेथे तेच प्रमाण सुमारे दहापट होते. म्हणजे गोड्या पाण्यात जी चूक खपून जाते, ती खाऱ्या पाण्यात माशाच्या जिवावर बेतते.

आता हिशेब पाहा. मत्स्यशेतीत असा ढोबळ नियम आहे की एक किलो खाद्यामागे सुमारे ३० ग्रॅम अमोनिया (त्यातल्या नायट्रोजनच्या हिशेबाने) पाण्यात उतरतो. एक ग्रॅम खाद्यामागे ३० मिलिग्रॅम. शंभर लिटरच्या पेटीत एक ग्रॅम खाणे टाकले, तर लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम अमोनिया होईल. चांगल्या चाललेल्या पेटीत हा आकडा शून्य असावा लागतो. एक ग्रॅम म्हणजे केवढे? बोटांच्या तीन-चार चिमटी. घरातल्या चौघांनी चार वेळा प्रेमाने एकेक चिमूट टाकली की झाला एक ग्रॅम.

पाणी साफ करणारे जिवाणू

हा अमोनिया नाहीसा कोण करते? फिल्टरमधल्या स्पंजवर, दगडांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते, नायट्रेट त्या मानाने सौम्य. शेवटी साचलेले नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढायचे असते.

हे जिवाणू बाजारातून पेटीबरोबर तयार येत नाहीत. नव्या पेटीत ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात पेटीत मासे न ठेवता कोळंबीचा एखादा तुकडा टाकून ठेवावा आणि फिल्टर चालू ठेवावा. चाचणीच्या द्रावणाने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले, की उरलेला तुकडा काढून थोडे पाणी बदलावे आणि मग पहिला मासा आणावा. "आजच पेटी, आजच मासे" असे सांगणारा दुकानदार आठवड्यानंतर पुन्हा मासे विकण्याच्या तयारीत असतो, हे ओळखावे.

घास किती?

मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. अंग गरम ठेवण्यासाठी त्याला आपल्यासारखे अन्न जाळावे लागत नाही. म्हणून त्याला थोडे पुरते. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे समजावे, असा शौकिनांचा अंदाज आहे. तो शास्त्रोक्त नसला तरी हात आवरायला उपयोगी आहे.

क्लाउनफिश, डॅमसेल यांसारख्या लहान माशांना दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. त्यानंतर तळाशी काही दिसले तर पुढच्या वेळी निम्मे करावे आणि पडलेले नळीने ओढून काढावे. लायनफिशसारख्या मोठ्या मांसाहारी माशांना दिवसाआड पुरते. सर्जनफिश, म्हणजे टँग, हे शेवाळ चरणारे मासे आहेत. त्यांना वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा चिमट्याला लावून द्यावा आणि संध्याकाळी उरलेला काढून घ्यावा.

आठवड्यातून एक दिवस धडधाकट मोठ्या माशांना काहीच दिले नाही तरी चालते. गावी दोन-तीन दिवस जायचे असेल तर शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. शेजारी मायेने मूठ रिकामी करतात. कागदाच्या पुड्या बांधून, प्रत्येकीवर वार लिहून तेवढ्याच द्याव्यात.

घरात खाणे घालणारा माणूस एकच ठरवावा. मुलाला ते काम दिले तर उत्तमच, त्याला नियम पाळायची सवय लागते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने खूण करावी. खूण दिसली की दुसऱ्याने डब्याला हात लावायचा नाही.

काय द्यावे?

रोज एकच पदार्थ देऊ नये. आठवड्यातले काही दिवस सागरी माशांसाठीचे कोरडे दाणे आणि काही दिवस ओले खाणे द्यावे. दाणे पेटीच्याच पाण्यात मिनिटभर भिजवावेत. बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धुऊन, माशाच्या तोंडात मावेल एवढी बारीक चिरून देता येते. तिला मीठ-मसाला लागलेला नसावा. मात्र कच्च्या कोळंबीच्या आणि शिंपल्यांच्या काही जातींत बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारा घटक असतो. म्हणून केवळ त्यांवरच मासे ठेवू नयेत. गोठवलेले खाद्य वाटीत वितळवून, गाळणीने गाळून, त्याचे पाणी टाकून द्यावे. ते पाणी पेटीत गेले तर शेवाळाचीच भर होते.

कोंबडीची काळजी, मटणाचे तुकडे, पोळी, भात, बिस्किटे यांतले काहीही नको. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी समुद्री माशांना पचत नाही. गटारातून काढलेल्या लाल अळ्या, ज्यांना ट्युबिफेक्स म्हणतात, त्यांच्याबरोबर रोगही येतो.

लहान माशांचे आवडते खाणे म्हणजे आर्टेमिया. हा मिठागरात वाढणारा बारीक जीव आहे. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५३ सालची आहे. त्याची वाळलेली अंडी दुकानात मिळतात. बाटलीत खारे पाणी घेऊन हवा सोडली की एक ते दीड दिवसात पिले निघतात. अंड्यांची टरफले वेगळी काढून पिलेच तेवढी पेटीत सोडावीत. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. शाळेत प्रयोगशाळा नसली तरी घरात एक होईल.

सफाईचा क्रम

रोज मासे मोजावेत. एखादा दिसला नाही तर दगडामागे मरून पडला आहे का ते पाहावे, कारण मेलेला मासा पाणी भराभर नासवतो. काचेच्या कडेवर साचलेले मिठाचे पापुद्रे ओल्या फडक्याने पुसावेत. पाण्याची पातळी पाहावी. वाफ होऊन पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेली भर गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने नव्हे. शंभर लिटरमधले दहा लिटर उडाले आणि भर घातलीच नाही, तर ३५ चे प्रमाण ३९ च्या जवळ जाते. त्यातच खारे पाणी ओतत राहिलो, तर ते चढतच जाते.

दर आठवड्याला काचेवरचे शेवाळ खरवडावे, अमोनिया-नायट्राइट तपासावे आणि हायड्रोमीटरने क्षारता पाहावी. माशांपुरत्या पेटीत विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ मध्ये असावे आणि ते एकाच आकड्यावर स्थिर राखावे.

दर पंधरा दिवसांनी शंभर लिटरमधले सुमारे पंधरा लिटर पाणी बदलावे. रबरी नळीने तळचा गाळ ओढत ते काढावे. नवे पाणी आदल्या दिवशीच तयार करावे. लिटरला सुमारे ३६ ग्रॅम सागरी क्षारमिश्रण टाकून चोवीस तास हवा सोडत ठेवावी. जेवणातले आयोडीनयुक्त मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार त्यात हव्या त्या प्रमाणात नसतात. शहराच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणणेही नको, त्या पाण्यात सांडपाणी आणि तेल मिसळलेले असते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारे औषध, सोडियम थायोसल्फेट, स्वस्त मिळते. ते नियमाने वापरावे. घरी आरओ यंत्र असेल तर तेच पाणी बरे. पण पाण्यात तांबे मिसळणारे यंत्र मात्र चालणार नाही.

महिन्यातून एकदा फिल्टरचा स्पंज पिळावा. तो नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळावा. क्लोरीनच्या पाण्याने जिवाणू मरतात आणि पुन्हा नव्या पेटीसारखी गत होते. सगळी वाळू, सगळे दगड आणि स्पंज एकाच दिवशी घासून लख्ख करणे ही मोठीच चूक आहे. पेटी चकचकीत दिसते आणि चार दिवसांत मासे मरतात.

काढलेले खारे पाणी मोरीत ओतावे. कुंडीत ओतले तर झाड जळते.

घरातल्याच गोष्टी घात करतात

मच्छर मारणारे फवारे, अगरबत्त्या आणि विजेवर चालणाऱ्या द्रव-औषधांत पायरेथ्रॉइड जातीची विषे असतात. माणसाला त्यांचा त्रास थोडा, माशाला मात्र ती अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतली हीच हवा ओढून पाण्यात सोडतो. वस्तीत धूरफवारणी होत असेल तेव्हा पेटी ओल्या चादरीने झाकावी, हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवावा, दारे-खिडक्या उघडून खोली मोकळी झाली की लगेच सुरू करावा. पेटी असलेल्या खोलीत मच्छरदाणीच बरी.

साबण, निरमा, फिनेल यांचा हात पेटीत जाऊ देऊ नये. पेटीची बादली वेगळी, तिच्यावर रंगाने खूण करून ठेवावी. तांब्या-पितळेचा हंडा किंवा कळशी वापरू नये. खाऱ्या पाण्यात तांबे विरघळते आणि कोळंबी, खेकडे, शंख यांसारखे जीव मरतात.

खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते, हे सर्वांत महत्त्वाचे. पेटीत हात घालण्यापूर्वी बटण नव्हे, प्लगच काढावा. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो. तीस मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. अर्थिंग नसलेल्या खोलीत खाऱ्या पाण्याची पेटी मांडूच नये.

जे दुसऱ्यांच्या पेट्या साफ करतात

आता आपल्या मुलांविषयी. हे काम बारीक ज्ञानाचे आहे. ज्याला क्षारता, पीएच आणि जिवाणूंचा व्यवहार कळतो, तो नुसता काच पुसणारा राहत नाही. म्हणून प्रत्येक पेटीची वही ठेवावी. तारीख, तापमान, क्षारता, बदललेले पाणी, मेलेले मासे असे सर्व लिहावे आणि मालकाची सही घ्यावी. मासा मेला की दोष कामगारावर येतो. तेव्हा वही आपल्या बाजूने बोलते आणि पगार वाढवून मागतानाही तीच कामी येते.

नळी तोंडाने ओढू नये. तोंडात जाणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतात. हाताला चीर असेल तर लांब हातमोजे घालूनच हात घालावा. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू जखमेतून शिरला तर बोटावर किंवा हातावर गाठ येते आणि ती आठवडेच्या आठवडे बरी होत नाही. अशी गाठ आली तर डॉक्टरांना "मी माशांच्या पेटीत काम करतो" हे आपणहून सांगावे. ते सांगितले नाही तर निदान चुकते आणि औषधपाणी वाया जाते.

लायनफिशच्या पाठीवरच्या काट्यांत विष असते. काटा टोचला तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि तसेच रुग्णालय गाठावे. काही दगडांवर बटणांसारखे मऊ जीव असतात. त्यांना झोअँथिड म्हणतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिजहाल विष असते. असे दगड उकळू नयेत, गरम पाण्याने घासू नयेत. ती वाफ फुप्फुसात जाते.

आणण्यापूर्वी

शंभर लिटर पाण्याचे वजनच शंभर किलो. काच, वाळू, दगड, स्टँड धरून सव्वाशे ते दीडशे किलो होतात. पोटमाळ्यावर किंवा जुन्या लाकडी जमिनीवर ते पेलणार नाही. पंप आणि फिल्टर मिळून पंचवीस वॉटचे चोवीस तास चालले आणि तीस वॉटचा दिवा आठ तास जळला, तर महिन्याला सुमारे पंचवीस युनिट होतात. क्षारमिश्रण महिन्याला किलोभर लागते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवा. हे सारे मांडून, मुलांच्या फीचा पैसा बाजूला काढून, उरले तरच विचार करावा. हप्त्यावर पेटी घेऊ नये. परवडत नसेल तर गप्पींची गोड्या पाण्याची पेटीही मुलांना तेवढेच शिकवते.

एवढ्या पेटीत तीन-चार लहान मासेच ठेवावेत. शक्य असेल तेथे प्रजनन केंद्रात जन्मलेले क्लाउनफिश मागावेत. आपल्या देशातल्या सरकारी संशोधन संस्थांनी हे तंत्र बसवले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांसाठी काही देशांत प्रवाळावर सायनाइड फवारले जाते. फिलिपिन्समध्ये ही रीत १९६० च्या दशकात सुरू झाली. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. दुकानदाराने दाखवले तरी घेऊ नये. गुन्हा घेणाऱ्यावरही येतो.

कंटाळा आला म्हणून मासे खाडीत सोडू नयेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली पहिला लायनफिश आढळला. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरातला हा मासा पेट्यांतूनच तिकडे सुटला असावा, असे मानले जाते. आज तो अटलांटिकच्या उबदार किनाऱ्यांवर स्थानिक माशांची पिले फस्त करीत आहे. सांभाळणे जमत नसेल तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्यावेत.

शेवटी घरातली एक गोष्ट. पेटी हौसेने आणतात वडील आणि मुलगे. महिना उलटला की बादल्या उचलण्याचे आणि काच घासण्याचे काम घरच्या बाईवर येऊन पडते. ती आधीच नळाला रांग लावून घराचे पाणी भरत असते. तेव्हा पेटी घरात येण्यापूर्वीच सर्वांनी बसून ठरवावे की खाणे कोण घालणार, पाणी कोण बदलणार, वही कोण लिहिणार. नावे कागदावर लिहून पेटीशेजारी लावावीत. ज्याला मासे हवेत त्याने बादली उचलावी. एवढे ठरत नसेल, तर मासे समुद्रातच राहू द्यावेत.